एका शब्दाचें गोत्र

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली. गोष्ट हंसण्यासारखी होती आणि घरांतील लहानथोर मंडळी मनमुराद हंसली. एक माणूस मात्र हंसलें नाहीं. आणि तेवढ्याच कारणानें हा लेख लिहिण्याचा योग आला आहे.

आमच्या वहिनींचा नातू दोन वर्षांपासून जर्मनींत स्टुटगार्ट शहरीं नोकरीस आहे. वहिनींचें वय आतां चौऱ्यायशीं. दृष्टि मंदावली आहे. परंतु नातवाला दिवाळीचा फराळ धाडण्याचें काम त्या दुसऱ्या कोणाच्या हातीं देत नाहींत. यंदाही त्यांनीं बेसनाचे लाडू व चकल्या डब्यांत भरल्या आणि मुलानें स्वतः करून खावें म्हणून भाजणी, मेतकूट व नाचणीचें सत्त्व निरनिराळ्या पिशव्यांतून बांधून दिलें. लहानसहान भेटीवर परदेशीं जकात घेत नाहींत, असें त्यांस कोणीं तरी सांगितलें होतें. तेव्हां नातीकडून चार रोमन अक्षरें गिरवून घेऊन त्यांनीं खोक्याच्या चारही बाजूंस वीतभर आकाराचा एकच शब्द काळ्या शाईनें लिहिला: 'गिफ्ट'.

खोकें पोंचलें तेव्हां नातू कामावर गेला होता. तिकडील वहिवाटीप्रमाणें खालच्या मजल्यावरील एका वृद्ध बाईंनीं तें उतरवून घेतलें. सायंकाळीं मुलगा परत येऊन पाहतो तों खोकें घराबाहेर अंगणांत एकटेंच ठेवलेलें! प्रवासांत एक कोपरा फाटून आंतील पिवळें पीठ थोडेंसें बाहेर आलेलें. आणि दारावर चिठ्ठी कीं, 'आपलें टपाल आलें आहे. मीं तें घरांत घेतलेलें नाहीं. असल्या वस्तु टपालानें पाठविण्याची परवानगी असते काय?'

कारण जर्मन भाषेंत 'गिफ्ट' म्हणजे विष.

नातवानें त्याच रात्रीं दूरध्वनीवरून ही हकीकत सांगितली आणि घरांत हंशाचा गदारोळ उडाला. वहिनी मात्र क्षणभर स्वस्थ बसल्या व मग आम्हांकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढें जर्मन शिकलांत. देणें आणि विष त्या लोकांना एकच कसें हो वाटलें?"

आम्ही तरुणपणीं जर्मन शिकलों, तें वेदविषयक पुष्कळसें संशोधन त्या भाषेंत आहे म्हणून. जन्मभर ती भाषा वाचली, पण हा प्रश्न कधीं मनांत आला नव्हता. "सवडीनें सांगूं," असें म्हणून आम्ही वेळ मारून नेली आणि रात्रीं कोश काढून बसलों. तेथें जें सांपडलें तें वाचकांसही ऐकवावें, असें वाटतें.

सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें व्याख्यान देतांना संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ उगमांतून निघाल्या असाव्यात असें प्रतिपादन केलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच व्याख्यानांत त्यांनीं गॉथिक भाषेलाही याच कुटुंबांत जागा देऊं केली होती. गॉथिक ही आज लुप्त आहे. परंतु इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन व आइसलंडिक या तिच्या नात्यांतल्या भाषा नांदत्या आहेत. या शाखेस जर्मानिक असें म्हणतात.

आमचा शब्द या शाखेंतला. त्याची घडण पाहतां संस्कृत शिकलेल्या माणसास घरचेंच कोणी भेटल्यासारखें वाटतें. आपल्याकडे 'क्तिन्' प्रत्यय लागून गम् पासून गति, मन् पासून मति, स्तु पासून स्तुति असे भाववाचक स्त्रीलिंगी शब्द होतात. हाच प्रत्यय जर्मानिक भाषांतही आहे. मात्र काळाच्या ओघांत त्यांतला शेवटचा स्वर झिजून केवळ 'ट' उरला. इंग्रजींत 'ड्राइव्ह' म्हणजे हांकणें, त्यापासून 'ड्रिफ्ट'. त्याचप्रमाणें 'गिव्ह' म्हणजे देणें, जर्मनींत 'गेबेन', गॉथिकमध्यें 'गिबान', त्यापासून 'गिफ्ट'. अर्थ एवढाच कीं, देण्याची क्रिया, किंवा दिलें तें. जुन्या जर्मनींत हा शब्द आपल्या गति-मतीप्रमाणें स्त्रीलिंगीच होता. जन्मतः त्याच्या अंगीं विषाचा थेंबही नव्हता.

मग तो गेला कोठें कोठें? प्रथम तो लग्नघरीं गेला. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत वुल्फिला नांवाच्या बिशपानें बायबलाचें गॉथिक भाषांतर केलें. त्यांत लूकच्या शुभवर्तमानांत, मरिया ही योसेफास वाग्दत्त होती हें सांगतांना, याच शब्दास उपसर्ग लावून केलेला 'फ्रागिफ्ट्स' हा शब्द योजिला आहे. जुन्या इंग्रजींत तर 'गिफ्ट' म्हणजे वधूसाठीं द्यावयाचें मूल्य, आणि त्याचें अनेकवचन म्हणजे विवाह! तेव्हां त्याचा उच्चार 'यिफ्ट' असा होई. आजचा कठोर 'ग' इंग्रजांस मिळाला तो उत्तरेकडून येऊन इंग्लंडांत स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांकडून; आणि साधी भेटवस्तु हा अर्थही त्यांच्याच संगतीनें रुळला.

त्या नॉर्स लोकांचे वंशज जे स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन, त्यांच्याकडे हा शब्द अजून लग्नघरींच राहतो. स्वीडनमध्यें 'गिफ्ट' म्हणजे विवाहित व 'ओगिफ्ट' म्हणजे अविवाहित. तेथील १७३४ च्या कायदेसंहितेंत विवाहप्रकरणाचें नांव याच शब्दावरून पडलें आहे. आणि वधूस देण्याचा अधिकार ज्या पुरुषाकडे असे त्याला 'यिफ्तोमान' म्हणत. कन्या ही 'द्यावयाची', हा विचार त्याच्या मुळाशीं आहे. यांत आपण नाक मुरडण्याचें कारण नाहीं. वाग्दान, कन्यादान हे शब्द आपलेच आहेत, आणि "मुलगी कोठें दिली?" हा प्रश्न अजून आपल्या तोंडीं सहज येतो. आमच्या नाती मात्र हा प्रश्न ऐकला कीं, "आजोबा, आम्ही काय वस्तु आहोंत?" म्हणून उसळतात, आणि त्यांचें म्हणणें आम्हांस खोडतां येत नाहीं.

जर्मनींत या लग्नघराची एकच खोली शिल्लक राहिली आहे. वधूबरोबर दिलें जाणारें धन, म्हणजे आपला हुंडा, त्यास तेथें 'मिटगिफ्ट' म्हणतात. 'मिट' म्हणजे सह. जर्मन कानांस त्यांत 'बरोबर दिलेलें विष' असा ध्वनि सहज ऐकूं येतो. ज्या देशांत १९६१ सालीं हुंडाप्रतिबंधक कायदा करावा लागला आणि त्यानंतरही हुंड्यापायीं मुलींचे बळी पडत राहिले, त्या आपल्या देशास हा ध्वनि परका वाटूं नये.

आतां वहिनींच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. देण्याचें विष झालें कोठें?

तें झालें वैद्याच्या घरीं. ग्रीक भाषेंत 'डोसिस' म्हणजे देणें. हा शब्दही आपल्या गोत्रांतलाच: धातु तोच आपला 'दा', आणि प्रत्यय तोच आपला 'ति'. ग्रीक वैद्य रोग्यास एका वेळीं द्यावयाच्या औषधाच्या मात्रेस 'डोसिस' म्हणूं लागले. तोच शब्द लॅटिनमधून साऱ्या युरोपांत पसरला आणि इंग्रजीच्या हातून आपल्या माजघरापर्यंत आला. बाळाला 'डोस' पाजतांना आपण दानाच्याच सख्ख्या भावंडाचें नांव घेत असतों, हें किती आयांस ठाऊक असेल! जर्मन लोकांनीं या 'डोसिस'चें शब्दशः भाषांतर केलें तें 'गिफ्ट', म्हणजे दिलेली मात्रा. मात्रा औषधाची असते तशी विषाचीही असते. आणि ज्या मात्रेचें नांव उघड घेतां येत नाहीं, तिला नुसतें 'दिलेलें' म्हणून भागवणें, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

अशी रीत आपल्या घरांतही आहे. बांगडी फुटली असें न म्हणतां 'वाढवली' म्हणावें, दिवा विझविला असें न म्हणतां 'शांत केला' म्हणावें, घराबाहेर पडतांना 'जातों' न म्हणतां 'येतों' म्हणावें, हें वळण वहिनींनींच घरांतील मुलांस लावलें. अशुभास शुभाचें पांघरूण घालावें, हा त्यांतला हेतु. परंतु पांघरूण पुष्कळ दिवस अंगावर राहिलें म्हणजे त्यालाच अंगाचा वास लागतो. जर्मन 'गिफ्ट'चें तसें झालें. शतकामागून शतक लोटलें तसा भेटीचा अर्थ मागें पडला व विषाचा तेवढा उरला. त्या अर्थानें शब्दाचें लिंगही बदलून नपुंसक झालें. पुढें उत्तरेकडील जर्मन व्यापाऱ्यांच्या बोलींतून हा विषारी अर्थ स्वीडन-डेन्मार्कांतही शिरला. त्यामुळें आज त्या देशांत विवाहित माणूस आणि विष यांस एकच शब्द आहे, आणि ते लोक स्वतःच त्यावर थट्टा करीत असतात. डच लोकांनीं तेवढा व्यवहार चोख ठेवला: 'गिफ्ट' म्हणजे देणगी, आणि शेवटचा 'ट' गाळून 'गिफ' म्हणजे विष.

या नव्या शब्दानें जुन्याची जागा घेतली ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. विषास जर्मानिक भाषांचा स्वतःचा एक जुना शब्द होता. जर्मनींत तो 'आयटर' या रूपानें उरला, पण त्याचा अर्थ आतां जखमेंतला पू असा झाला आहे. डॅनिश भाषेंत कोळ्यास 'एडरकोप' म्हणतात, त्यांतला 'एडर' तोच.

एकट्या 'गिफ्ट'चाच हा अधःपात झाला असें मात्र समजूं नये. इंग्रजी 'पॉयझन' हा शब्द लॅटिन 'पोशियो' म्हणजे पेय यापासून आला. आपल्या 'पा' धातूचा, आपल्या 'पाना'चा तो नातलग. लॅटिन 'वेनेनम' म्हणजे विष. त्याचें नातें प्रेमदेवता व्हीनस हिच्याशीं व आपल्या 'वन्' म्हणजे इच्छिणें या धातूशीं जुळतें, आणि त्याचा मूळ अर्थ वशीकरणाचें पेय असा असावा, असें मानतात. आपला 'गर' म्हणजे विष हा शब्दही 'गिळणें' या अर्थाच्या धातूचाच. म्हणजे दिलेलें, प्यालेलें, हवेंसें वाटलेलें, गिळलेलें: विषाचीं नांवें हीं सारीं अशीं सौम्य आहेत. त्याचें कारण उघड आहे. विष कधीं विष म्हणून येत नाहीं. दुर्योधनानें भीमास विष दिलें तें मिष्टान्नांतून, भावाच्या नात्यानें, आग्रह करून वाढलें. शत्रूच्या हातचें कोणी खात नाहीं. दगा होतो तो विश्वासाच्या ताटांतून.

हा धागा मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानें हातीं घेतला. १९२४ सालीं त्यानें केवळ या एका शब्दावर एक टिपण लिहिलें. प्राचीन जर्मन लोकांत देणगीचा मुख्य प्रकार म्हणजे पेयाचा पेला. पेला पुढें करणारा मित्र कीं वैरी, याची खात्री घेणाऱ्यास कशी असावी? म्हणून दोन्ही अर्थ एका शब्दांत नांदले, असें त्याचें म्हणणें. दुसऱ्याच वर्षीं त्यानें दानाविषयीं जो प्रख्यात प्रबंध प्रसिद्ध केला, त्यांत महाभारताच्या अनुशासनपर्वाचाही आधार घेतला आहे. दान घेणारा बांधला जातो, दिलेल्या वस्तूंत देणाऱ्याचा अंश राहतो आणि तो परतफेड मागतो, असा त्याचा सिद्धांत. आपल्या धर्मशास्त्रास ही गोष्ट नवी नव्हती. प्रतिग्रहानें ब्राह्म तेज मंदावतें, म्हणून अधिकार असला तरी त्याची आसक्ति धरूं नये, असें मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत सांगितलेंच आहे.

हें सारें जमवून आम्ही चार दिवसांनीं दुपारीं वहिनींपुढें बसलों. त्या वाती वळीत होत्या. आम्ही सांगत गेलों व त्या ऐकत राहिल्या. प्रतिग्रहाची गोष्ट निघाली तेव्हां त्यांचे हात थांबले. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या पैशांना ह्यांनीं हाच शब्द वापरला होता."

आम्हांस विचारण्याची गरज पडली नाहीं. कोणते पैसे, तें आम्ही जाणून होतों. परंतु वाचकांस सांगितलें पाहिजे.

१९६१ सालीं आमचे तीर्थरूप वारले तेव्हां आमचे वडील बंधु अण्णा इंटरच्या वर्गांत होते. बुद्धीनें ते आम्हांपेक्षां कांकणभर सरसच. त्यांनीं कॉलेज सोडलें व एका कचेरींत कारकुनी पत्करली. तेव्हांपासून आम्ही एम्. ए. होईपर्यंत दरमहा त्यांची मनिऑर्डर चुकली नाहीं. आंतली बाजू बाहेर करून पुन्हां शिवलेला त्यांचा कोट आम्हांस अजून आठवतो. त्यांनीं या गोष्टीचा उच्चार आमच्यापाशीं एकदांही केला नाहीं. परंतु १९७४ सालीं एका मुंजीच्या पंगतींत कोणी वडीलधारे गृहस्थ सहज बोलून गेले, "हा प्राध्यापक झाला तो अण्णानें स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला म्हणून." बोलणें खरें होतें, त्यांत कुत्सितपणाही नव्हता. तरी तें आम्हांस झोंबलें. बिऱ्हाडीं परत आल्यावर जुन्या वह्या काढून तीन रात्री आम्ही हिशेब केला: फी, खाणावळ, पुस्तकें, प्रवासखर्च. त्यावर शेंकडा सहा दरानें सरळव्याज लावलें आणि बँकेचा ड्राफ्ट काढून अण्णांस पाठविला. सोबत पत्र लिहिलें कीं, ऋण फिटलें, आतां मन मोकळें झालें. उलट टपालीं एक कार्ड आलें: रक्कम पोंचली, कळावें. त्यानंतर आम्ही भाऊ एकमेकांशीं कधीं भांडलों नाहीं. पण पाहुण्यांनीं पाहुण्यांशीं बोलावें तसे बोलत राहिलों. अण्णा २००९ सालीं गेले.

"मी म्हटलें, अनायासें पैसे आले आहेत तर धाकटीच्या लग्नाला ठेवूं," वहिनी सांगूं लागल्या. "तर हे म्हणाले, 'तें विष आहे. घरांत ठेवूं नकोस, कोणाच्या पोटांत जायला नको.' मला तेव्हां रागच आला होता त्यांचा. एवढे पैसे काय वर आले होते?"

"मग त्यांनीं केलें काय त्यांचें?"

"दुसऱ्या दिवशीं शाळेंत नेऊन भरले. कोणा दोन मुलांची फी थकली होती म्हणे. नांवें मलाही सांगितलीं नाहींत."

आम्हांस कांहीं बोलतां येईना. पन्नास वर्षें आम्ही समजत होतों कीं अण्णांचें देणें जड होतें, म्हणून आम्हीं तें परत केलें. प्रत्यक्षांत त्यांच्या देण्यांत जड असें कांहींच नव्हतें. त्यांनीं मात्रा मोजून दिली नव्हती. मोजली ती आम्हीं, आणि वर व्याजाचा दर लावला. अण्णांस जर्मन येत नव्हतें, मोसचें नांवही त्यांनीं ऐकलें नसेल. परंतु आमच्या पाकिटांत काय होतें, तें त्यांनीं अचूक ओळखलें. आणि त्यावर उतारा म्हणून तेंच धन पुन्हां देऊन टाकलें, असें कीं घेणाऱ्यास देणारा कळूं नये.

थोड्या वेळानें वहिनींनीं वात पुन्हां हातांत घेतली. "पण काय हो, देण्याला त्या लोकांत दुसरा चांगला शब्द नाहीं का?"

"आहे. 'गेशेंक.' मूळ अर्थ ओतणें. पाहुण्याच्या पेल्यांत पेय ओतणें, त्यावरून देणें."

"म्हणजे उदक सोडल्यासारखें," वहिनी चटकन् म्हणाल्या.

आम्हीं इतके कोश चाळले, पण ही जोड आम्हांस सुचली नव्हती. दान देतांना आपण उदक सोडतों तें याचसाठीं कीं, हें आतां माझें नाहीं, यावर माझा हक्क नाहीं. हक्क सोडण्याला आपल्या भाषेंत 'पाणी सोडणें' म्हणतात, तें येथूनच. देणाऱ्यानें उदक सोडावें हें शास्त्रानें सांगितलें. अण्णांनीं तें कोट उलटवून शिवला तेव्हांच सोडलें होतें. परंतु घेणाऱ्यासही कांहीं सोडावें लागतें. आपण कोणाचे ऋणी आहों हें उघड मानण्याची जी लाज वाटते, ती त्यानें सोडावी लागते. तें आम्हांस त्या वेळीं जमलें नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर कोणाचें ना कोणाचें असें देणें असतें. तें फेडण्याची घाई करण्यापूर्वीं वाचकांनीं आमचा हा हिशेब एकवार आठवावा.

संक्रांतीस वहिनींनीं नातवाला तिळगूळ धाडला. त्या वेळीं नातीनें आठ रोमन अक्षरें मोठीं काढून दिलीं व वहिनींनीं तीं भिंग लावून खोक्याच्या चारही बाजूंस गिरविलीं. खोकें पोंचल्याचा निरोप आला. खालच्या मजल्यावरील बाईंनीं तें या खेपेस आपल्या बैठकीच्या खोलींत ठेवलें होतें.